टेपवाडीचा दोन मणांचा गोटा

मित्रांनो, मी एक जुना गोटा आहे. गोटा म्हणजे गोल दगड. रंगाने काळा, अंगाने गुळगुळीत आणि वजनाने दोन मणांचा, म्हणजे एखाद्या धिप्पाड गड्याइतका. पोलादपूरहून वर डोंगरात गेलात की कुडपणच्या अलीकडच्या माळावर टेपवाडी नावाची तीसेक घरांची वाडी लागते. तिथे वाघजाईच्या देवळापुढच्या अंगणात मी बसलेला असतो.

दगडांच्या जातीत मोठी मोठी नशिबं असतात. कोणी देव होतो, कोणी गडाचा बुरूज होतो, कोणी निदान देवळाची पायरी तरी होतो. मी यातलं काहीच झालो नाही. मला लोक उचलतात आणि परत खाली ठेवतात. एवढंच माझं काम. पण या एवढ्याशा कामात मला जी माणसं भेटली, त्यांच्याविषयी तुम्हाला सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

माझा जन्म महाबळेश्वरच्या कड्यात झाला. एका पावसाळ्यात कडा फुटला आणि मी सावित्री नदीत पडलो. तेव्हा मी गोल नव्हतो. चांगला कोपरेवाला, बोचरा, भांडखोर दगड होतो. नदीने मला कधी काही म्हटलं नाही. दर पावसाळ्यात थोडं पुढे ढकललं आणि जरासं घासलं, इतकंच. असे किती पावसाळे गेले ते मी मोजले नाहीत. पोलादपूरच्या काठाला लागेपर्यंत माझे सगळे कोपरे गेले होते. तिथल्या वाळूत मी सुखाने पडून होतो. मला वाटलं, आता इथेच राहायचं.

पण तसं व्हायचं नव्हतं.

टेपवाडीचा कोंडाजी नावाचा एक गडी एकदा हिरडे आणि मध घेऊन पोलादपूरच्या बाजाराला उतरला. तिथल्या तालमीतले काही गडी सावलीला बसले होते. त्यातला एक पहिलवान त्याला हसून म्हणाला, "काय रे, वर डोंगरात खाता काय? नाचणी? मग अंगात काय असणार, भुस्सा?"

बाकीचे खो खो हसले. कोंडाजीने खांद्यावरचं ओझं खाली ठेवलं.

"नदीतला कुठला पण दगड दावा," तो म्हणाला. "उचलून आमच्या देवीच्या दारात ठेवतो. वाटेत दुसऱ्याचा हात लागला, तर परत या बाजारात तोंड दावायचा नाय."

मग सगळी टोळी नदीवर आली. त्यांनी शोधून शोधून मला निवडलं. मला धरायला कुठे खाच नव्हती, कोपरा नव्हता. ते मुद्दाम असा दगड शोधत होते. कोंडाजीने माझ्याभोवती एक फेरी मारली, खाली बसला, मला मांडीवर ओढून घेतलं, दोन्ही हातांनी मिठी मारली आणि उभा राहिला. मित्रांनो, नदीने मला इतकी वर्षं ढकललं होतं, पण उचललं कधीच नव्हतं. मी पहिल्यांदा जमीन सोडली, ती त्या माणसाच्या छातीशी. त्याचं काळीज धाडधाड उडत होतं, ते मला अगदी स्पष्ट कळत होतं.

तो प्रवास नऊ दिवस चालला. कोंडाजी मला उचलायचा, पन्नास पावलं चालायचा, खाली ठेवायचा, श्वास घ्यायचा आणि पुन्हा उचलायचा. पहिल्या दिवशी आम्ही भातखाचरांच्या शेवटापर्यंतच पोचलो. दुसऱ्या दिवशी चढ लागला. वाटेवरच्या वाड्यांमध्ये बातमी पसरली. बायका ताक घेऊन यायच्या, म्हातारे वाटेत बसून सल्ले द्यायचे. मदत मात्र कोणी करायची नव्हती. त्याची बायको डोक्यावर भाकऱ्यांची टोपली घेऊन मागून चालायची आणि दर थोड्या वेळाने त्याला शिव्या घालायची. पण त्याचा कढत पाण्याचा शेक चुकला, असं एकाही संध्याकाळी झालं नाही.

पाचव्या दिवशी मोठी फजिती झाली. एका नळीच्या, म्हणजे अरुंद उभ्या घळीच्या, वाटेवर कोंडाजीचा पाय सरकला. मी त्याच्या हातांतून सुटलो आणि गडगडत, उड्या मारत खाली गेलो. दीड दिवसाची चढण मी क्षणात उतरून टाकली. आता कोंडाजी उठणार नाही, असं सगळ्यांना वाटलं. मलाही तसंच वाटलं आणि खरं सांगतो, मला वाईट वाटलं. मला नदीकडे परत जायचं नव्हतं.

थोड्या वेळाने कोंडाजी हळूहळू उतरून माझ्याजवळ आला. माझ्या शेजारी बसून त्याने अर्धी भाकरी खाल्ली. मग माझ्यावर थाप मारून म्हणाला, "तुला पण उताराची भारी हौस दिसते रे. चल, ऊठ आता."

आणि आम्ही पुन्हा चढू लागलो.

नवव्या दिवशी सगळा डोंगर आमच्याबरोबर चालत होता. पुढे ढोल आणि सनई, मागे पोरंबाळं. कोंडाजीने मला वाघजाईच्या अंगणात ठेवलं आणि तिथेच मातीत आडवा झाला. गर्दीत तो तालमीतला पहिलवानही होता. शेवटचा चढ तो मुद्दाम चालून आला होता. त्याने आपला फेटा काढून कोंडाजीच्या डोक्यावर ठेवला. मग जेवायला बसला. नाचणीच्या दोन भाकऱ्या खाल्ल्या आणि तिसरी मागून घेतली.

त्या वर्षापासून टेपवाडीत रीत पडली. चैत्र पौर्णिमेला देवीची जत्रा भरली की दुपारी तरण्या गड्यांनी गोटा उचलायचा. कोणी गुडघ्यापर्यंत नेई, कोणी कमरेपर्यंत, कोणी छातीला लावी. खांद्यावर घेणारा दोन-चार वर्षांतून एखादाच निघे. त्याला देवीचा नारळ मिळायचा. लग्न ठरलेल्या मुलाने तर मला हात लावलाच पाहिजे, असा दंडक होता. सोयरे समोर बसून बघायचे. एका नवरदेवाने मला जेमतेम पायाच्या बोटांइतकं वर नेलं आणि "लागली रे लागली, कंबरेत कळ लागली" म्हणून बसला. सासऱ्याने पोटभर हसून घेतलं आणि म्हणाला, "असू दे. पोरगी माझी दणकट हाय." तो संसार पुढे उत्तम झाला.

पण त्या रीतीला एक डाग होता, तोही सांगितला पाहिजे. वाडीच्या खालच्या अंगाला बौद्धवाडी आहे. तिथल्या माणसांनी माझ्याजवळ यायचं नाही, लांब बांधावर उभं राहून बघायचं, असा वाईट नियम होता. तो कोणी केला, कधी केला, मला ठाऊक नाही. मला कोणी विचारलं नव्हतं.

भिकाजी हा त्या वस्तीतला एक तरुण. तो मुंबईच्या गोदीत पोती वाहायचा. एका वर्षी तो महाडला चवदार तळ्यावर जाऊन तसाच पुढे जत्रेला वाडीवर आला. अंगात पांढरा सदरा होता. गोटा उचलण्याची वेळ झाली, तसा तो बांधावरून खाली उतरला आणि सरळ अंगणात चालत आला.

"भिकाजी, तिथंच थांब," कोणीतरी ओरडलं.

तो थांबला नाही. त्याने सदऱ्याच्या बाह्या दुमडल्या, खाली बसला आणि मला उचललं. गुडघा, कंबर, छाती आणि मग खांदा. खांद्यावर मला धरून तो पूर्ण एक गिरकी फिरला. त्याला सगळ्यांचे चेहरे बघायचे होते. नंतर त्याने मला खाली ठेवलं. टाकलं नाही, ठेवलं. इतक्या हलक्या हाताने मला तोवर कोणी ठेवलं नव्हतं.

म्हातारा झालेला कोंडाजी पाराच्या कडेला बसला होता. भिकाजी त्याच्याकडे वळून म्हणाला, "तात्या, ह्यो दगड नदीत व्हता, तवा तुमी त्याला इचारलं व्हतं का, कुनाचा हात चालंल म्हनून?"

कोंडाजीने मान खाली घातली. मग काठी टेकत उठला, देवळात गेला आणि नारळ घेऊन आला. तो त्याने भिकाजीच्या हातात दिला. म्हणाला, "माजी नजर कवाच खाली जायला पायजे व्हती, ती आज गेली." काही जण त्या दिवशी रुसून घरी गेले. पुढच्या जत्रेला त्यातले बरेचसे परत आले आणि बौद्धवाडीतली पोरंही आली. त्यानंतर बांधावर फक्त बकऱ्या उभ्या राहू लागल्या.

आता एक गुपित सांगतो. ते पन्नास वर्षं मी आणि आणखी एकीने सांभाळलं.

कुशाबा नावाच्या गड्याने आपल्या लग्नाआधी मला छातीला लावलं होतं. त्याचा त्याला फार अभिमान. येणाऱ्या-जाणाऱ्याला तो सांगायचा, त्याची आई सांगायची. त्याची नवी नवरी प्रयागबाई ते ऐकून ऐकून कंटाळली होती. लग्नाला दोन महिने झाले असतील. एका सकाळी ती पाण्याला निघाली होती. अंगणात चिटपाखरू नव्हतं. ती माझ्यापाशी थांबली, कळशी खाली ठेवली, इकडे तिकडे पाहिलं आणि स्वतःशीच म्हणाली, "बघू तरी, केवढा जड हाय ह्यो."

तिने पदर खोचला. माझ्यासमोर बसून मला मांडीवर घेतलं, अगदी लेकराला घेतात तसं. मग दात आवळून उभी राहिली. मी तिच्या छातीला टेकलो. चार श्वास तिने मला तसं धरलं आणि खाली ठेवलं. मित्रांनो, त्यानंतर ती जी हसली! तोंडात पदर कोंबून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. कळशी उचलून पाण्याला गेली, तीसुद्धा हसतच. घरी मात्र तिने चकार शब्द काढला नाही. नवऱ्याचा अभिमान तिने तसाच नांदू दिला.

पुढे दिवस बदलले. तरणी माणसं मुंबईला, सुरतेला कामाला गेली. जत्रेला यायची ती दोन दिवसांसाठी, फोटो काढायची आणि परत जायची. मला उचलायला कोणी खाली बसेना. माझ्याभोवती गवत वाढलं. बकरीची पिल्लं माझ्यावर चढून उड्या मारायची. ती संगत मला आवडायची, खोटं कशाला बोलू? पण संध्याकाळी बकऱ्या घरी गेल्या की फार एकटं वाटायचं. वीस वर्षं मी जागचा हललो नाही. माझ्याखाली गोगलगायींनी घर केलं.

मग देवळाचा जीर्णोद्धार करायचं ठरलं. मुंबईच्या मंडळाचा सेक्रेटरी राजेश हा वाडीचाच मुलगा. माणूस मनाने चांगला, फक्त घाईचा. शिमग्याला सगळे गावी आले, तेव्हा देवळात बैठक बसली. राजेशने मोबाईलवर नकाशा दाखवला. नवीन चौथरा, लाद्या, बसायला बाकं.

"आणि तो गोटा?" कोणीतरी विचारलं.

"तो चौथऱ्याच्या पायात घालू," राजेश म्हणाला. "मजबूत आहे, कामाला येईल. अंगण मोकळं होईल."

मी ऐकत होतो. पायात घालणं म्हणजे काय, ते तुम्हाला कळतं ना? वरून सिमेंट, त्यावर लाद्या. पुन्हा कोणाचा हात नाही, ऊन नाही, बकरी नाही.

बैठकीत बुद्धरत्न गुरुजी होते. भिकाजीचे नातू, शाळेत शिक्षक. ते शांतपणे म्हणाले, "राजेशभाऊ, माझ्या आजोबांनी तो खांद्यावर घेतला होता. असा एकदम पायात घालू नका. येत्या जत्रेला कोणी खांद्यावर घेतला, तर राहू द्या. नाही घेतला, तर घाला."

राजेश हसला. "गुरुजी, वीस वर्षांत कोणी हलवला नाही. पण चला, तुमचा मान. खांद्यावर घेतला तर राहील. माझा शब्द."

जत्रेला महिना उरला होता.

प्रयागबाई आता सत्तरी ओलांडलेली. तिची नात अंकिता महाडला कॉलेजात शिकते आणि कबड्डी खेळते. शनिवारी ती एसटीने घरी आली, तेव्हा आजी तिला घेऊन दुपारी माझ्याजवळ आली. वाडी जेवून आडवी झाली होती. आजीने माझ्याभोवतीचं गवत विळ्याने कापलं, मला ओल्या फडक्याने पुसलं आणि आपलं गुपित नातीला सांगून टाकलं.

अंकिता हसू लागली. "आजी, कायपण सांगतेस! तू? हा?"

"मग काय खोटं सांगतंय मी?" आजी रागावली. "गो, या दगडाला तोंड असतं ना, तर त्यानं सांगितलं असतं."

मित्रांनो, तोंड नसल्याचं दुःख मला आयुष्यात एकदाच झालं, ते त्या दुपारी.

पण अंकिताने हसता हसता मला हात घातला. मी तसूभर हलेना. तिने पुन्हा जोर लावला. मग ती गंभीर झाली. "कसा उचललास गो आजी? सांग ना."

"हातानं नाय उचलायचा. आदी गुडघे वाकव. त्याला मांडीवर घे. पोटाशी धर. मग पायानं ऊठ."

त्या दिवशी मी फक्त एका बाजूला कललो. माझ्याखालच्या गोगलगायी घाबरून बाहेर आल्या. पुढच्या शनिवारी अंकिताने मला मांडीवर घेतलं. त्याच्या पुढच्या शनिवारी ती मला घेऊन अर्धी उठली आणि दोघी मायलेकींसारख्या एकमेकींना मिठी मारून नाचल्या. मधल्या दिवसांत ती महाडच्या खोलीवर तांदळाच्या गोणीला मिठी मारून बैठका काढायची. मैत्रिणी तिला विचारायच्या, "अगो, तुला येड लागलंय काय?" हे सगळं ती आजीला सांगायची आणि मी ऐकायचो. वीस वर्षांनी मला वाट बघायला एक वार मिळाला होता.

जत्रेचा दिवस उजाडला. देवीची पालखी नाचली, ढोल-सनईचा खालू बाजा वाजला, भज्यांचा वास सुटला. दुपारी सगळे माझ्याभोवती गोल करून उभे राहिले. बाजूला हैबती गवंडी थापी घेऊन बसला होता. राजेशने त्याला खालच्या गावातून बोलावलं होतं. पाया भरायचा मुहूर्त चुकू नये म्हणून हैबतीने सिमेंटचा माल कालवूनच ठेवला होता.

आधी दोघा-तिघांनी गुडघ्यापर्यंत नेलं. राजेशलाही मोह आवरला नाही. त्याने शर्ट काढून ठेवला, पण मला नडगीच्या वर नेता आलं नाही. मग विनीत आला. तो मुंबईत जिमला जातो, दंड चांगले घडवलेले. त्याने हातमोजे घातले होते. "शंभर किलो मारतो मी," तो मित्रांना म्हणाला. पण जिममधल्या लोखंडाला धरायला दांडा असतो. मला दांडा नाही. त्याने मला कमरेपर्यंत नेलं आणि हातमोज्यांतून मी साबणासारखा निसटलो.

"अजून कोणी?" राजेशने विचारलं.

"मी," अंकिता म्हणाली आणि पुढे आली. तिने ओढणी कमरेला बांधली होती.

गर्दीत कुजबुज झाली. पहिला आवाज उठला तो तिच्या आजोबांचाच. कुशाबा म्हाताऱ्याने काठी आपटली. "अंकिते, मागं हो! बाईमाणसाचं काम नाय ते. मी छातीला लावला व्हता, मला ठावं हाय त्याचं वजन."

"मला बी ठावं हाय," प्रयागबाई म्हणाली.

"तुला काय ठावं?"

"मी बी छातीला लावला व्हता. लग्नाच्या दुसऱ्या महिन्यात."

कुशाबा बायकोकडे बघतच राहिला. पन्नास वर्षांच्या संसारात पहिल्यांदा बघावं, तसा.

"मग सांगितला का नाय?"

"तुमी पन्नास वरसां सांगत व्हतात. मधी बोलायला जागा कुठं व्हती?"

आधी एक बाई हसली, मग दहा हसल्या, मग सगळं अंगण हसलं. कुशाबाचा चेहरा लाल झाला. मला वाटलं, म्हातारा आता रागाने घरी जाणार. पण त्याच्या मिशा हलू लागल्या आणि तोही हसला. तो काठी टेकत पुढे आला, खाली वाकून चिमूटभर कोरडी माती घेतली आणि नातीच्या तळहातांवर चोळली. "घामानं निसटतो तो," तो म्हणाला. "माती लावून उचल."

अंकिता खाली बसली. तिने मला मांडीवर घेतलं. पोटाशी धरलं. आणि उठली. गुडघा गेला, कंबर गेली. मी तिच्या छातीला लागलो. लोक ओरडत होते, बाजावाल्याने ढोलावर टिपरू टाकलं. तिने मला खांद्याकडे लोटलं. तिची कोपरं थरथरत होती. जरासं, अगदी जरासं उरलं होतं. मी माझं वजन कमी करू शकलो असतो, तर केलं असतं. पण ते काही कोणा दगडाच्या हातात नसतं. मी निसटलो आणि धप्पकन खाली पडलो.

त्या दिवशी माझ्याशी झटलेल्यांत तीच सर्वांत वर पोचली होती. पण अट खांद्याची होती. बुद्धरत्न गुरुजींनी चष्मा काढून पुसायला घेतला. अंकिता हात झटकत उभी होती, ओठ घट्ट मिटून. राजेशलाही वाईट वाटलं असावं. तो हळूच म्हणाला, "काय करणार? शब्द म्हणजे शब्द. हैबती, घ्या."

हैबती थापी घेऊन उठला.

"अहो, एक मिनिट," गर्दीतून आवाज आला. राजेशची बायको रेश्मा पुढे आली. जन्म मुंबईचा, हातात नवा हिरवा चुडा. "पायात घालायच्या आधी मला एकदा ट्राय करू दे ना. सगळे एवढं बोलतायत, बघू तरी केवढा जड आहे."

ती बसली, तिने मला मिठी मारली, जोर लावला आणि मागे धपकन बसली. मी जागचा हललो नाही. ती मात्र इतकी हसली की तिला उठवायला दोघी जणी लागल्या. "आता मी," त्यातली एक म्हणाली. तिच्या मागे तिची जाऊ उभी राहिली. तिच्या मागे बौद्धवाडीच्या तिघी. मग शाळेतली पोरं, मग विनीत, हातमोजे काढून आणि तळहाताला माती चोळून. मग भजीवाला कढई सोडून आला. कोणी मला बोटभर हलवलं, कोणी वीतभर, कोणी मुळीच नाही. दर वेळी अंगणात हशा पिकायचा. प्रयागबाई पाराच्या कडेला बसून प्रत्येकाला सांगत होती, "गुडघे वाकव, गुडघे! कंबर मोडून घेशील."

ऊन कलायला आलं तरी रांग संपेना. राजेशने घड्याळ बघितलं आणि हैबतीला शोधू लागला. हैबती जागेवर नव्हता. तो रांगेत उभा होता.

"अहो, तुमचा माल?" राजेशने विचारलं.

"माल कवाच सुकला साहेब," हैबती म्हणाला. "आता माझा नंबर आलाय, जरा थांबा."

राजेश घमेल्याजवळ गेला. सिमेंट दगडासारखं घट्ट झालं होतं. त्याने आधी घमेल्याकडे बघितलं, मग रांगेकडे बघितलं. रांगेत त्याची बायको पुन्हा उभी होती, दुसऱ्यांदा. त्याला हसू फुटलं.

"बरं, गोटा राहू द्या," तो म्हणाला. "पण मग पायात काय घालायचं?"

हैबतीने मला गुडघ्यापर्यंत नेलं, खाली ठेवलं, हात झटकले आणि देवळामागे बोट दाखवलं. "दगडाला काय तोटा हाय, साहेब? सगळा डोंगर हाय मागं."

मित्रांनो, आता अंगणात लाद्या बसल्या आहेत. फक्त माझ्याभोवती बैलगाडीच्या चाकाएवढी माती मोकळी ठेवली आहे, मी पडलो तर लादी फुटू नये म्हणून. यंदाच्या जत्रेतही अंकिताला चार बोटं कमी पडली. "पुढल्या वरसाला," ती म्हणाली आणि भजी खायला गेली. तिच्या मागे चौदा मुली रांगेत होत्या.

तुमच्या गावात, तुमच्या डोंगरात माझ्यासारखा एखादा जुना दगड असेल. कुठे तो वाटेच्या कडेला असेल, कुठे गवतात, कुठे न्हाणीत कपडे धुवायला. त्याला शेंदूर लावू नका, कुंपण घालू नका, लांबून नमस्कारही करू नका. गावातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, हा इथे कसा आला? त्याच्याजवळ गोष्ट असेल. कदाचित तो ती सांगायला कोणीतरी विचारण्याचीच वाट बघत असेल. मग गुडघे वाकवा आणि त्याला हात लावा. जुन्या वस्तूंना सांभाळायचं म्हणजे त्यांना कामात ठेवायचं, एवढंच आम्हा दगडांचं मागणं असतं.

गेल्या आठवड्यात अंगणवाडीची सात पोरं माझ्याकडे आली. कोणाच्या नाकाला शेंबूड, कोणाची चड्डी घसरलेली. त्यांनी माझ्याभोवती हात लावले आणि "हुप्प!" करून सगळ्यांनी मिळून मला ढकललं.

मी वीतभर सरकलो. मुद्दाम नाही हं. त्यांनीच ढकललं.